‘निकामी’ लिहिलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, हा सगळ्यांकडे असा तिरप्या नजरेने का पाहतो? तुमच्याकडेही मी तसाच पाहतो आहे. मनावर घेऊ नका.

माझा जन्म पोलंडमधल्या एका कारखान्यात झाला. आराखडा रशियाचा, घडवणारे हात पोलंडचे. पोट गोल, पंख मागे ओढलेले आणि तोंडाच्या जागी एक मोठे भोक. त्या भोकातून हवा आत घ्यायची आणि शेपटाकडून आग सोडायची. आत एकच माणूस बसेल एवढी जागा. माझी नेमणूक समुद्राकाठच्या एका तळावर झाली आणि तिथे मला पहिला धडा मिळाला तो संशयाचाच. आकाशात जे दिसेल ते शत्रूचे असू शकते, हा अर्धा धडा. उरलेला अर्धा कोणी मोठ्याने बोलत नसे. तो असा, की आपला वैमानिकसुद्धा पळून जाऊ शकतो. समुद्रापलीकडे दुसरा देश होता, म्हणून माझ्या टाकीत इंधन बेतानेच भरत. पहारेकरी वैमानिकावर नजर ठेवी, वैमानिक पहारेकऱ्यावर, आणि मी दोघांवर.

तिथे झेनॉन नावाचा एक फौजी मिस्त्री होता. माझी खुर्ची त्याच्या ताब्यात असे. ती साधी खुर्ची नव्हती. विमान कोसळू लागले की वैमानिकाने बाजूची लाल मूठ ओढायची. खुर्चीमागचे काडतूस उडायचे आणि खुर्ची माणसासकट आभाळात फेकली जायची. मग छत्री उघडायची आणि माणूस वाचायचा. पण मी जमिनीवर उभा असताना त्या मुठीला कोणाचा चुकून हात लागला तर? म्हणून मुठीत दोन खिळे अडकवून ठेवत, आणि खिळे लांबून दिसावेत म्हणून त्यांना लाल फिती बांधत. माझी चाके थांबली की झेनॉन शिडी लावायचा, आधी खिळे अडकवायचा आणि मगच वैमानिकाला उतरू द्यायचा. एकदा नव्या भरतीतल्या कोणीतरी विचारले, “रोज रोज कशाला एवढं?” तेव्हा तो म्हणाला, “जमिनीवरून फेकलेला माणूस छत्री उघडायच्या आधीच खाली येतो. म्हणून.”

मी प्रत्यक्ष कोणाशी लढलो नाही. वर्षानुवर्षे ढगांत शत्रू शोधला आणि तो सापडला नाही, हेच माझे शौर्य. एका संचलनात माझ्यावर फुले उधळली होती, तेवढीच माझी वाहवा. मग माझ्याहून वेगवान विमाने आली आणि मला धावपट्टीच्या कडेला गवतात उभे केले. माझ्या तोंडाच्या भोकात चिमण्यांनी घरटी केली. झेनॉन निवृत्त झाला. देशातले सरकार बदलले, आणि एके दिवशी माझे पंख सोडवून मला लाकडी खोक्यांत भरले. कोणी निरोपाला आले नाही.

खोकी उघडली ती अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका शेडमध्ये. तिथला व्यापारी जुनी लढाऊ विमाने आणून हौशी लोकांना विकत असे. व्हर्जिल स्टोक्स त्याचे नाव. हसरा माणूस, बोलणे लोण्यासारखे. त्याने आधी माझ्या तोफा काढून घेतल्या. त्यांच्या भोकांवर पत्रा बसवला, मला चांदीसारखा रंग दिला, इंजिन खरोखर चांगले दुरुस्त केले. मी त्याचे ते श्रेय नाकारणार नाही. मग त्याचा कारागीर माझ्या खुर्चीपाशी आला आणि थांबला.

“याचं काडतूस आतच आहे,” कारागीर म्हणाला. “आणि खिळे दिसत नाहीत. वाटेत कुठं तरी गळाले.”

“मग काढ काडतूस.”

“मी हात लावणार नाही. यातला जाणता माणूस आणावा लागेल, खुर्ची उचलून बाहेर काढावी लागेल.”

स्टोक्सने क्षणभर विचार केला. “एवढ्या वर्षांची दारू. मेलीच असणार ती. फिती तेवढ्या नव्या आणून लोंबत्या सोड. आणि खुर्चीवर लिही, ‘निकामी’.”

मित्रांनो, त्याने ते लिहून घेतले. पांढऱ्या रंगात, सुरेख अक्षरात. मग माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या खुर्चीमागचे काडतूस निकामी झाले नव्हते. मी त्याच्यासोबत जन्मलो होतो. ते कोरडे होते, झाकलेले होते आणि वाट पाहत होते. मला बोलता येत नाही, हे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. माझ्या पाठीवर थाप मारणाऱ्या माणसावर मी तेव्हापासून भरवसा ठेवत नाही.

मला विकत घ्यायला ड्वेन टॉलेफ्सन आला. नॉर्थ डकोटातला, साखरेच्या बीटची शेती करणारा, उंच, लाल मानेचा, थोडेच बोलणारा माणूस. तो तरुणपणापासून पिकांवर फवारणीचे विमान चालवत होता. जमिनीपासून हातभर उंचीवरून विमान नेण्यात त्याचा हात धरणारे जिल्ह्यात कोणी नव्हते. सोबत त्याची बायको ॲर्डिस होती. स्टोक्स शिडीवर उभा राहून आत वाकला आणि एकेक घड्याळ दाखवू लागला. ड्वेन माझ्या खुर्चीत उतरला. त्याचे गुडघे दोन्ही बाजूंना घासले, पण त्याचा चेहरा असा झाला की ॲर्डिसने तिथेच सुस्कारा सोडला.

“हे घेऊन तू करणार काय?” तिने खालून विचारले.

“उडवीन.”

“आणि मग?”

“मग खाली आणीन.”

“बरं,” ती म्हणाली. “तेवढं दुसरं विसरू नकोस म्हणजे झालं.”

नदीकाठचा एक जमिनीचा तुकडा विकून ड्वेनने मला घेतले. ती जमीन त्याला बापाकडून मिळाली होती. सगळी जमीन त्यालाच मिळाली होती. थोरल्या बहिणीला, मार्लिसला, काहीच नाही, कारण त्या काळी मुलींना देत नसत. ही गोष्ट गावात सर्वांना माहीत होती आणि म्हणूनच कोणी तिच्याबद्दल बोलत नसे.

गावाचे नाव ऑस्टर्डाल. टेबलासारखी सपाट जमीन, एक धान्याची कोठी, एक चर्च, एक कॅफे, आणि गावाबाहेर गवताळ कडेची छोटी धावपट्टी. मी तिथे उतरलो त्या दिवशी कॅफे रिकामे झाले. सगळे टोप्या मागे सारून माझ्याभोवती उभे राहिले.

“रशियाचं आहे म्हणे,” एकजण म्हणाला.

“पोलंडचं,” ड्वेन म्हणाला.

“बीटवाल्याला लढाऊ विमान कशाला? लढाई कुणाशी, शेजारच्या जिल्ह्याशी?”

“त्यांनी गेल्या वर्षी बेसबॉलमध्ये फसवलं होतं,” दुसरा म्हणाला. लोक हसले, पण कोणी माझ्या फार जवळ आले नाही. म्हातारा धान्यवाला माझ्या बुजवलेल्या तोफांच्या भोकांकडे बराच वेळ बघत राहिला. त्याचा पत्र्यावर विश्वास बसत नव्हता, हे मला दिसत होते. मला तो माणूस आवडला.

मार्लिस सर्वांत शेवटी आली. ती शाळेची बस चालवायची आणि गावाच्या अग्निशमन दलाची प्रमुख होती. ते दल पगारी नव्हते. शेतकरी, शिक्षक, कोठीवरचे लोक, हाक आली की धावायचे. मार्लिस साठीच्या आसपासची, आखूड केसांची, आणि डोळे असे की बसमधली सगळ्यात मागची मुलेसुद्धा गप्प बसावीत. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली. थाप मारली नाही.

“बाबांचा नदीकाठ उडतो का नीट?” तिने भावाला विचारले.

ड्वेनची मान आणखी लाल झाली.

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती, हे मी मान्य करतो. टेक्सासमध्येच एका जाणत्या शिक्षकाने ड्वेनला माझ्यासारख्या विमानाच्या खोडी शिकवल्या होत्या. दर रविवारी चर्चनंतर तो हँगरचे दार सरकवायचा. इंधनाचा वास, तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज, आणि मग ती सपाट हिरवी जमीन माझ्याखालून मागे पळायची. पोलंडमध्ये मला समुद्राच्या बाजूला वळायला बंदी होती. इथे ड्वेन वाटेल तिकडे वळायचा. परत येताना तो घरावरून एक पंख हलवायचा आणि ॲर्डिस अंगणात कपडे वाळत घालता घालता वर न बघता हात हलवायची. मी त्या माणसाचा हात ओळखू लागलो होतो. तो माझ्यावर कधी जोर करत नसे. एखाद्या तपासनिसाने येऊन माझे इंजिन, चाके, पंखांचे सांधे बघितले की ड्वेन मागे उभा राहून सगळे कान देऊन ऐकायचा. खुर्चीपाशी आले की तपासनीस ‘निकामी’ वाचायचा आणि पुढे जायचा. लिहिलेल्या शब्दावर माणसांचा किती विश्वास असतो, हे मला तेव्हा कळले.

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याची जत्रा ऑस्टर्डालला भरायची होती. जत्रेच्या समितीने ड्वेनला गळ घातली, विमान मैदानात आणून ठेव, पोरांना आत बसू दे, फोटो काढू दे. ड्वेन खूश झाला. इतक्या वर्षांत गावाने त्याच्याकडे प्रथमच काही मागितले होते.

जत्रेच्या आठवडाभर आधी मार्लिस हँगरमध्ये आली. अग्निशमन दलाला जत्रेत हजर राहायचे होते, म्हणून इंधन कुठे असते, वीज कुठून तोडायची, हे सगळे ती विचारून घेत होती. ड्वेन एकेक दाखवत होता. तिने शिडी चढून आत डोकावले.

“ही खुर्ची?”

“ती निकामी आहे. लिहिलंय बघ.”

“कुणी लिहिलंय?”

“ज्यानं विकलं त्यानं.”

“तू उघडून बघितलीस?”

“मार्लिस, ती उघडायला सगळं विमान उघडावं लागतं.”

“म्हणजे नाही बघितलीस.” तिने हात पुढे केला. लाल फीत तिच्या बोटांत होती. मी मनोमन म्हणालो, ओढ, बाई. एकदा ओढून बघ. टोकाला काहीच नाही.

पण तेवढ्यात ड्वेनचा तोल गेला. “तुला हे विमान डोळ्यांत खुपतंय,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. नदीकाठ मी विकला म्हणून. खुर्चीचं कारण काढू नकोस.”

मार्लिसने फीत सोडली. ती शिडी उतरली, हातमोजे खिशात घातले. “नदीकाठ मला पाहिजे होता,” ती शांतपणे म्हणाली. “ते खरंच आहे. पण मी विचारलं ते वेगळं होतं.” आणि ती निघून गेली.

खरे सांगतो, त्या क्षणी माझाही तिच्यावर संशयच होता. वर्षानुवर्षे गिळलेला राग माणूस कशाकशाच्या नावाखाली बाहेर काढतो, हे मी तळावर खूप पाहिले होते. ती बरोबर प्रश्न विचारत होती, पण का विचारत होती, हे मला सांगता येत नव्हते. कदाचित तिलाही येत नसेल.

जत्रेचा दिवस उजाडला. मला ट्रॅक्टरने ओढत मैदानात नेले. एका बाजूला गुरांचे प्रदर्शन, एका बाजूला पाळणे, मध्ये चर्चच्या बायकांचा लेफ्से नावाच्या बटाट्याच्या पोळ्यांचा आणि कॉफीचा तंबू. ड्वेनने धुतलेला शर्ट घातला होता. त्याने शिडी लावली आणि एकेका मुलाला उचलून माझ्या खुर्चीत बसवू लागला. आईबाप खाली उभे राहून फोटो काढत होते. रांग पार पाळण्यापर्यंत गेली होती.

मित्रांनो, तुमच्याएवढी मुले. कोणी मधली दांडी धरायचे, कोणी घड्याळांवर बोटे फिरवायचे. ड्वेन शिडीवर उभा राहून सांगत होता, हे उंचीचं, हे वेगाचं. प्रत्येक लहान हात त्या लाल मुठीजवळून जायचा आणि माझा सगळा पत्रा आतून गार पडायचा. कोणी ती ओढली नाही. एकाने तिला नुसता हात लावला आणि सोडला. मी गुरांच्या हंबरण्याकडे लक्ष द्यायचा प्रयत्न करत होतो.

दुपारी मार्लिस अग्निशमन दलाच्या जाड कोटात, बंबापासून चालत आली. रांगेतल्या लोकांना वाटले, ती भावासोबत फोटो काढायला आली. ती शिडीच्या तळाशी उभी राहिली. आत तेव्हा गेलेन रूडची मुलगी ब्रिटा बसली होती. सात वर्षांची, दोन पिवळ्या वेण्या, आणि एका हाताने तिने लाल मूठ गच्च धरली होती. गेलेन खाली कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता.

“ड्वेन,” मार्लिस म्हणाली. “एकच विचारते. मग मी जाते.”

“आत्ता?”

“तू हे विमान बघायला गेलास तेव्हा तो माणूस या खुर्चीत बसला होता का?”

“कोण माणूस?”

“विकणारा. तुला सगळं दाखवताना तो कुठं होता?”

मला ड्वेनच्या चेहऱ्यावर ती शेड दिसली, टेक्सासची, आणि शिडीवर उभा राहून आत वाकलेला तो हसरा माणूस. स्टोक्सने सबंध दिवसात एकदाही खुर्चीत पाय टाकला नव्हता. घड्याळे दाखवली, दांडी हलवली, सगळे शिडीवरून.

“शिडीवर,” ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता की मार्लिसला तो ऐकू गेला की नाही कोण जाणे.

त्याने ब्रिटाकडे पाहिले नाही. त्याने वाकून लाल फीत दोन बोटांत धरली आणि सावकाश ओढली. फीत आली. नुसती फीत आली. तिच्या टोकाला काही नव्हते.

मग त्याने आपला मोठा, लाल, शेतकऱ्याचा हात पुढे नेला आणि तिच्या हातावर, त्या मुठीवर, ठेवला.

“ब्रिटा,” तो म्हणाला, “तू आता हात अगदी ढिला सोड. मी धरलंय.”

“मी काही मोडलं का?”

“नाही बाळा. तू काहीच मोडलं नाहीस. ढिला सोड.”

तिने सोडला. त्याने एका हाताने मूठ जागच्या जागी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने तिला उचलून मार्लिसकडे दिले. मार्लिसने तिला कोटाशी धरून घेतले. ड्वेन मात्र तसाच उभा राहिला, मुठीवरचा हात काढायला तो तयार होईना. शेवटी मार्लिसच वर चढली आणि मूठ तारेने करकचून बांधली. मग तिने त्याची बोटे एकेक करून सोडवली.

“विमान बंद,” ती रांगेकडे वळून म्हणाली. “सगळे मागं व्हा. कॉफीच्या तंबूच्या पलीकडं.”

लोक मागे सरकले, पण कुरकुरत. पाळण्यापासून रांगेत उभी असलेली मुले रडायला लागली. मी ऐकत होतो. एकीने म्हटले, मार्लिसला भावाचं कौतुक कधी बघवलंच नाही. दुसरी म्हणाली, जमिनीचं आहे गं ते सगळं, चाळीस वर्षांचं. समितीचा अध्यक्ष म्हणाला, एवढ्या फितीवरून जत्रा नासवली. मार्लिसने हे सगळे ऐकले. ती बंबाच्या पायरीवर बसून राहिली, मी मैदानात उभा असेपर्यंत, आणि कोणाला जवळ येऊ दिले नाही.

नंतर सैन्याच्या दारूगोळा पथकातले दोन जाणते लोक आले. त्यांनी माझी खुर्ची क्रेनने उचलून बाहेर काढली, तिच्या मागचे काडतूस वेगळे केले आणि त्यावरची अक्षरे वाचून एकमेकांकडे पाहिले. गाव बीटच्या शेताच्या बांधावर जमले होते. काडतूस एका जाड नळीत घालून, नळी मातीच्या ढिगाऱ्यात पुरून, दोघांनी लांबून दोरी ओढली.

तो आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. नळीच्या तोंडावर ठेवलेले लोखंडी झाकण सरळ आभाळात गेले, इतके वर की लोकांनी कपाळावर हात धरले, आणि मग ते कालव्यापलीकडच्या पिकात जाऊन पडले. गेलेन रूडने मुलीला खांद्यावर घेतले आणि तो गाडीकडे चालत गेला. समितीचा अध्यक्ष आपल्या टोपीची कड बघत राहिला. ॲर्डिस मार्लिसजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने नणंदेच्या कोटाची बाही धरली, एवढेच.

ड्वेनने स्टोक्सला फोन लावला. तो हँगरमधूनच लावला, म्हणून मी ऐकले. पलीकडचा आवाज अजून लोण्यासारखाच होता. “मी तर निकामी लिहिलं होतं,” तो म्हणत होता. “लिहिलेलं खरं की खोटं, हे बघायचं काम घेणाऱ्याचं.” ड्वेनने फोन ठेवला आणि तो माझ्या चाकाशी खाली बसला.

तो गेलेनच्या घरीही गेला. तिथे काय झाले ते मला ॲर्डिसने मार्लिसला सांगताना कळले. गेलेन दारातच उभा होता, त्याने आत बोलावले नाही.

“मी तिला तिथं बसवलं,” ड्वेन म्हणाला.

“माहीत आहे,” गेलेन म्हणाला. “मी फोटो काढत होतो. मी तिला म्हटलं, मूठ नीट धर.”

मग गेलेनने दार लावून घेतले, रागाने नाही, हळूच.

त्या शरद ऋतूत बीटच्या काढणीचे ट्रक दिवसभर रस्त्यावरून जात राहिले आणि हँगरचे दार कोणी सरकवले नाही. उंदरांनी माझ्या एका चाकाच्या कोनाड्यात घर केले. मला वाटले, पुन्हा गवत, पुन्हा चिमण्या. हिवाळ्यानंतर ड्वेनने मला विकायला काढले. एक गिऱ्हाईक लांबून आले, बूट चकचकीत, हातात कातडी पिशवी. ड्वेनने त्याला सगळे सांगितले, जत्रेसकट.

गिऱ्हाईक हसले. “आता काढलंय ना ते? मग हे सगळ्यांना सांगत कशाला बसता? असल्या गोष्टींनी किंमत पडते.”

ड्वेनने त्याच्याकडे नीट बघितले, मी माणसांकडे बघतो तसे. “नाही विकायचं,” तो म्हणाला.

मार्लिसला हे कळले तेव्हा ती स्वतःच हँगरमध्ये आली. “नाही विकलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “त्यानं दुसऱ्या कुणाची तरी पोरं बसवली असती.”

“मग याचं करू काय?”

“सगळं उघड. शेपटापासून. आणि उघडलेलं मला दाखव.”

त्याने मला सबंध उघडले. एक वर्ष नव्हे, त्याहून जास्त लागले. बाहेरून जाणते लोक बोलावले, मागच्या लोकांनी लिहिलेला एकही शब्द खरा न धरता प्रत्येक तार, प्रत्येक नळी नव्याने तपासली. आणखी दोन खोट्या गोष्टी सापडल्या. स्टोक्सने रंगाखाली झाकलेली एक भेग आणि एक चुकीची झडप. दोन्ही दुरुस्त केल्या. माझी जुनी खुर्ची मोडून टाकली आणि तिथे साधी, पट्ट्यांची खुर्ची बसवली. ती कोणाला फेकत नाही. ती फक्त खुर्ची आहे.

मग मी पुन्हा उडालो. धावपट्टीच्या कडेला बंब उभा होता आणि त्याच्या पायरीवर मार्लिस, हातांची घडी घालून. तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हते. ड्वेनने वरून पंख हलवला. तिने हात हलवला नाही, ती माझ्या चाकांकडे बघत होती, खाली येईपर्यंत. नदीकाठाबद्दल ती दोघे कधी मोकळेपणाने बोलली की नाही, मला माहीत नाही. बोलली असतील तर माझ्यासमोर नाही. पण दर रविवारी चर्चनंतर ती येऊ लागली, आणि ड्वेन तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवू लागला. ती त्या खुर्चीत बसायची नाही. उभीच राहायची.

आता ड्वेनचे गुडघे वाकत नाहीत. मी उडत नाही. वसंतात माझे इंजिन एकदा चालवतात, दार सरकवून ऊन आत घेतात, उंदीर हाकलतात. शाळेची मुले मला बघायला येतात आणि मार्लिस, आता काठी घेऊन, त्यांच्या पुढे उभी राहते. मुले लगेच वर चढायला धावतात. ती त्यांना काठीने अडवते.

“आधी विचारा,” ती म्हणते.

“काय विचारायचं?” कोणीतरी म्हणते.

“ते तुम्ही ठरवायचं.”

मुले थोडा वेळ गोंधळतात. मग एकजण माझे इंधन कुठे गेले ते विचारते, एकजण चाके मागे सरकतील का ते. मागच्या खेपेला एका मुलीने ड्वेनला विचारले, “तुम्हाला हे सगळं खात्रीनं कसं माहीत?” ड्वेन हसला नाही. त्याने तिला हाताला धरून नेले आणि झाकण उघडून एकेक दाखवले, तिची शंका संपेपर्यंत. बाकीची मुले ताटकळली. कोणी त्यांना घाई करू दिली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे जगात पुष्कळ आहेत. शेतात, कारखान्यांत, जत्रांत, तुमच्या घराच्या माळ्यावरही. त्यांना पुसा, तेल द्या, ऊन दाखवा. पण तेवढ्याने भागत नाही. ती तुम्हाला स्वतःचा धोका सांगू शकत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारायला हवे. आणि जो माणूस तुमच्या लाडक्या वस्तूवर संशय घेतो, त्याच्यावर एवढ्या लवकर रुसू नका. त्याचा हेतू चांगला असेल, वाईट असेल, दोन्ही असेल. त्याचा प्रश्न तरी ऐका. आणि कोणी तुम्हाला म्हणाले, “बस रे, काही होत नाही,” तर त्याला विचारा, कशावरून? उत्तर फार पटकन आले, तर पुन्हा विचारा.